स्पॅनिश बोलायचं असेल तर मराठीतून विचार करा: सालामांकातलं माझं वर्ष

दगडफूल

नमस्कार मंडळी,

जूनअखेरीस सालामांकाहून परत आले. सप्टेंबर ते जून, पूर्ण शैक्षणिक वर्ष. जायच्या आधी इथेच मी ढीगभर प्रश्न विचारले होते आणि तुम्ही लोकांनी वेळ काढून उत्तरं दिली होती. त्याची परतफेड म्हणून हा धागा.

मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते. स्पॅनिश बोलायचं असेल तर डोक्यात इंग्रजी वाक्य जुळवू नका, मराठी वाक्य जुळवा. हे कळायला मला चार महिने लागले आणि एका पेपरात नापास व्हावं लागलं.

सालामांका माद्रिदच्या वायव्येला आहे, बसने अडीच ते तीन तास. तोर्मेस नदीचा काठ, समुद्रसपाटीपासून ८०० मीटर उंची. जुनं शहर सगळं एकाच दगडाचं, जवळच्या विल्यामायोरच्या खाणीतला. खाणीतून निघतो तेव्हा हा दगड मऊ असतो, मग हळूहळू घट्ट होतो आणि त्यातल्या लोहामुळे सोनेरी पडतो. संध्याकाळी सातच्या उन्हात प्लासा मायोरच्या (शहराच्या मुख्य चौकाच्या) कमानी आतून उजळल्यासारख्या दिसतात. तिथे कुणाला भेटायचं तर 'घड्याळाखाली' एवढंच सांगायचं, पुढचं विचारावं लागत नाही.

विद्यापीठ १२१८ सालचं, लेओनचा राजा नववा अल्फोन्सो याने स्थापलेलं. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती १२९० मध्ये. म्हणजे त्याच्याही बहात्तर वर्षं आधी! दर्शनी भिंतीवर कोरीवकामाच्या गर्दीत एका कवटीवर बसलेला बेडूक आहे. कुणाच्या मदतीशिवाय तो सापडला तर परीक्षेत पास, अशी समजूत. सगळे पर्यटक माना वर करून तो शोधत असतात. मला मात्र आतली एक खोली जास्त आवडली. फ्राय लुईस दे लेओनचा वर्ग. सोळाव्या शतकातला हा प्राध्यापक आणि कवी. त्याच्या वर्गात बाक म्हणजे नुसत्या ओबडधोबड तासलेल्या तुळया आहेत, एकीवर बसायचं आणि दुसरीवर लिहायचं. त्यांवर शेकडो विद्यार्थ्यांनी काहीबाही कोरून ठेवलंय. १५७२ मध्ये इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) याला तुरुंगात टाकलं. बायबलमधला एक भाग त्याने लोकांच्या भाषेत उतरवला, हे त्यामागचं एक कारण. जवळजवळ पाच वर्षांनी सुटून तो वर्गात आला आणि 'देथिआमोस आयेर', म्हणजे 'काल आपण म्हणत होतो', असं म्हणून त्याने शिकवायला सुरुवात केली, अशी आख्यायिका आहे. त्या तुळईसमोर उभी असताना मला आळंदी आठवली. धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत आणणारी आणि छळ सोसणारी माणसं तिकडेही होती.

(देवनागरीत 'थ' लिहितेय खरा, पण तो आपला थ नाही. जीभ दातांच्या मध्ये ठेवून हवा सोडायची.)

आता मुद्द्यावर येते.

पहिले दोन महिने मी जवळजवळ गप्प होते. स्पॅनिशचं बी-टू (वरच्या मध्यम पातळीचं) प्रमाणपत्र घेऊन गेले होते, व्याकरण पाठ होतं. पण चार जणांच्या गप्पांत मी आधी इंग्रजीत वाक्य बांधायची, मग ते स्पॅनिशमध्ये फिरवायची, आणि तोवर विषय बदललेला असायचा. रात्री खोलीत येऊन रडले आहे, एकदा नाही, बऱ्याचदा. त्यात पहिल्या घरमालकाने पाद्रोनसाठी (नगरपालिकेतली रहिवासी नोंद) सही द्यायला नकार दिला, म्हणून नोव्हेंबरात घर बदलावं लागलं. तेच माझ्या पथ्यावर पडलं.

नवीन घर एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंचं. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी त्यांना 'उस्तेद' म्हणजे 'तुम्ही' म्हणायला लागले, तर पहिल्याच दिवशी त्यांनी 'मला तू म्हण' असं बजावलं. आजीच्या वयाच्या बाईला अगंतुगं करायला जीभ वळेना. आठवडाभराने वळली. इथे मात्र मी त्यांना सेन्योराच म्हणते.

एके सकाळी ओट्यावरचा काचेचा ग्लास माझ्या कोपराचा धक्का लागून खाली पडला. मी घाबरून म्हणाले, 'ए रोतो एल बासो', मी ग्लास फोडला. सेन्योरा झाडू घेऊन आल्या, आधी माझ्या पायात चपला आहेत ना ते बघितलं, आणि काचा गोळा करता करता म्हणाल्या, 'फोडलास कशाला म्हणतेस? से ते आ काईदो.'

से ते आ काईदो. शब्दशः, तो तुझ्याकडून पडला गेला.

मी तिथेच थांबले. अहो, हे तर आपलं 'हातून पडला' आहे! लहानपणी माझ्याकडून कप फुटला तेव्हा मी 'मी फोडला' म्हणाले नव्हते, 'माझ्या हातून पडला' असंच म्हणाले होते. मराठीत चूक आणि चूकणारा यांच्यात थोडं अंतर ठेवायची सोय आहे. इंग्रजीत ती नाही. स्पॅनिशमध्ये आहे, आणि मी चार महिने इंग्रजीच्या दारातून आत शिरायला बघत होते.

त्या दिवसापासून वहीत दोन रकाने केले, एक मराठी, एक स्पॅनिश. इंग्रजीचा रकानाच नाही. काही नमुने देते:

मला उशीर झाला: से मे आ एचो तार्दे.
विसरायला झालं: से मे आ ओल्बिदादो.
मला वाटतं की...: मे पारेथे के...
मला कॉफी आवडते: मे गुस्ता एल काफे.
मला बटाटे आवडतात: मे गुस्तान लास पातातास.
माझं डोकं दुखतंय: मे दुएले ला काबेथा.

शेवटून तिसरं आणि दुसरं नीट बघा. 'आवडते' चं 'आवडतात' झालं ते बटाट्यांमुळे, माझ्यामुळे नाही. तिकडेही अगदी तसंच. माझ्याबरोबरची इंग्रजी बोलणारी मुलं या एका क्रियापदावर वर्षभर अडखळत होती, आणि आपण हे दोन वर्षांचे असताना शिकून बसलोय.

पेपरचं सांगायचं राहिलं. मी इतिहासाची विद्यार्थिनी. जानेवारीतल्या परीक्षेत निबंधवजा उत्तरं होती. तिथे गुण १० पैकी असतात: ५ च्या खाली सुस्पेन्सो म्हणजे नापास, ५ पासून अप्रोबादो, ७ पासून नोताब्ले, ९ पासून सोब्रेसालिएन्ते. मला ४.३. प्राध्यापकांना भेटायला गेले (याला तुतोरिया म्हणतात, ठरलेल्या वेळी कुणीही जाऊ शकतं, नक्की जा), तर ते म्हणाले, 'माहिती आहे तुझ्याकडे. वाक्यं व्याकरणाने बरोबर आहेत. पण असं कुणी लिहीत नाही.' दुसऱ्या कोन्बोकातोरियाची (म्हणजे फेरपरीक्षेची) तयारी मी मराठीत मुद्दे काढून केली. मिळाले ७.१.

ती तयारी सेन्योरांच्या मेसा कामिल्याशी झाली. गोल टेबल, त्यावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, आणि टेबलाच्या खाली शेगडी (आता विजेची असते). कापड मांडीवर ओढून बसायचं. बाहेर पारा शून्याखाली, धुक्यात समोरची इमारत दिसत नाही, आणि गुडघ्यांना ऊब. एका बाजूला मी वही घेऊन, दुसऱ्या बाजूला सेन्योरा विणकाम घेऊन. माझं अर्धंअधिक स्पॅनिश त्या कापडाखाली पाय घालून आलं आहे.

कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करण्यापेक्षा इथेच विचारलंत तर सगळ्यांना उपयोग होईल.

---

वाटसरू

फार सुंदर लिहिलं आहेस. ग्लासाचा प्रसंग वाचून उठून बसलो. माझा भाचा पुढच्या वर्षी स्पेनला जायच्या तयारीत आहे. कागदपत्रांबद्दल जरा सविस्तर लिहिशील का? तो पाद्रोन काय प्रकार आहे?

---

दगडफूल

धन्यवाद दादा. भाचा एका सत्रासाठी जातोय की वर्षभरासाठी, हे आधी बघा. मुक्काम १८० दिवसांच्या आत असेल तर नुसत्या विद्यार्थी व्हिसावर भागतं. त्याहून जास्त असेल तर तिथे पोचल्यावर महिन्याच्या आत परदेशी नागरिकाचं ओळखपत्र काढण्यासाठी अर्ज करावा लागतो, त्याला टीआयई म्हणतात. त्यासाठी पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यायला वेळ घ्यावी लागते (थीता प्रेबिया). ही वेळ पटकन मिळत नाही, म्हणून उतरल्या दिवसापासून मागे लागायचं.

पाद्रोन म्हणजे 'मी या पत्त्यावर राहतो' ही नगरपालिकेतली नोंद. त्याला भाडेकरार किंवा घरमालकाची सही लागते. खोली ठरवतानाच 'पाद्रोन करू द्याल ना?' हे लेखी विचारून घ्यायला सांगा. मी विचारलं नव्हतं आणि भोगलं.

पैशांचं म्हणाल तर व्हिसासाठी दरमहा किमान ६०० युरो दाखवावे लागतात. हा आकडा सरकारच्या एका निर्देशांकाला जोडलेला आहे, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचा तपासून घ्या. लांबच्या मुक्कामाला पोलिसांचा दाखला आणि वैद्यकीय प्रमाणपत्रही लागतं. पोलिसांच्या दाखल्यावर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्यायचं आणि मग स्पॅनिश भाषांतर. हा क्रम चुकवू नका.

---

काळजीतली आई

माझी मुलगी सेमिस्टरसाठी वालेन्सियाला जायचं म्हणतेय. आम्ही पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. मला रात्र रात्र झोप लागत नाही. तू खरं सांग, खाण्याचे किती हाल झाले?

---

दगडफूल

काकू, खरं तेच सांगते. पहिला महिना कठीण गेला. 'सिन कार्ने', म्हणजे बिनमांसाचं, असं सांगितलं की ट्यूना मासा घातलेलं सॅलड पुढे येतं, नाहीतर हामोनचे तुकडे. हामोन म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस, पण बोलताना बऱ्याच जणांच्या लेखी ते 'कार्ने'त मोडत नाही. म्हणून मुलीला पूर्ण वाक्य पाठ करायला लावा: मी मांस खात नाही, मासा खात नाही, हामोन खात नाही, अंडं खात नाही. न लाजता पूर्ण म्हणायचं.

पण घरी स्वयंपाक करता येत असेल तर अजिबात अडत नाही. डाळी-कडधान्यांत ते लोक आपल्यासारखेच आहेत. सालामांकाच्या उत्तरेला आर्मुन्या नावाचा भाग आहे, तिथले मसूर सगळ्या देशात नावाजलेले. सेन्योरा त्यात एरवी चोरिथो (लाल मिरचीपूड घातलेलं सॉसेज) घालायच्या, माझ्यासाठी वेगळं भांडं ठेवायच्या. बिनमांसाच्या मसुरांना तिकडे 'लेन्तेखास विउदास' म्हणतात, विधवा मसूर. शब्द ऐकून मला कसंतरीच झालं होतं, पण आमटी मात्र अशी की मी दोनदा वाढून घ्यायची. लसूण, तमालपत्र, गाजर आणि पिमेन्तोन, म्हणजे धुरावर वाळवलेल्या मिरचीची पूड.

जेवणाच्या वेळा तेवढ्या सांभाळाव्या लागतात. दुपारी दोन-अडीचला जेवण, रात्री नऊनंतर. संध्याकाळी सातला उपाहारगृहात गेलं तर जेवण मिळेलच असं नाही. वालेन्सिया समुद्रकाठी आहे, तिथे आमच्यासारखी थंडी नाही. काकू, तिला जाऊ द्या. आणि पहिल्या महिन्यात तिने फोनवर रडून 'परत येते' म्हटलं तर लगेच तिकीट काढू नका, आठ दिवस थांबा. माझ्या आईने तेच केलं.

---

भाषावेडी

चौदा वर्षं स्पॅनिश शिकवतेय आणि हेच वर्गात ओरडून सांगतेय. आज एका विद्यार्थिनीने लिहिलेलं वाचून फार बरं वाटलं. तुझ्या वहीत माझ्याकडून दोन भर, एक दुरुस्ती आणि एक इशारा.

पहिली भर. 'मी घर बघते' आणि 'मी आईला बघते'. घराला 'ला' नाही, आईला आहे. स्पॅनिशमध्ये 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मी माद्रे'. तो मधला 'आ' म्हणजे आपला 'ला'. माणूस आला की तो लागतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांचा हा 'आ' कायम राहून जातो.

दुसरी भर त्याहून मोठी. 'त्याने यावं असं मला वाटतं'. हे 'यावं' आहे ना, तेच स्पॅनिशचं सुब्खुन्तिबो: 'किएरो के बेंगा'. इच्छा, विनंती, आशा आली की क्रियापद वेगळं रूप घेतं. विद्यार्थी या प्रकाराला घाबरतात. मी त्यांना म्हणते, 'पाऊस यावा' म्हणताना घाबरता का? 'ओखाला युएबा', झालं! सगळीकडे हे तंतोतंत जुळत नाही (शंका, नकार वगैरे ठिकाणी वेगळं शिकावंच लागतं), पण सुरुवातीला याच्यासारखा आधार नाही.

दुरुस्ती अशी की, 'मे दुएले ला काबेथा' मध्ये शब्दशः 'मला डोकं दुखतं' आहे. आपण 'माझं डोकं' म्हणतो, ते 'मी काबेथा' म्हणत नाहीत. वहीत तिथे खूण करून ठेव.

आणि इशारा असा की, जिथे 'तेनेर' (जवळ असणं) येतं तिथे मराठी सोडायची. 'मला भूक लागली' ला ते 'तेंगो आम्ब्रे', म्हणजे 'माझ्याजवळ भूक आहे' म्हणतात. सेर आणि एस्तार (दोन्हींचा अर्थ 'असणं') यांचंही तसंच. 'एस आबुर्रिदो' म्हणजे कंटाळवाणा, 'एस्ता आबुर्रिदो' म्हणजे कंटाळलेला. आपण विशेषण बदलतो, ते क्रियापद बदलतात.

उच्चारांत मात्र आपण नशीबवान. त आणि द त्यांचेही दंत्य, क आणि प हवा न सोडता. फक्त दुहेरी र घोळवायला शिका.

---

दगडफूल

ताई, डोक्याची खूण केली! आणि 'आ' म्हणजे 'ला' हे वर्षभर तिथे राहून मला सुचलं नाही. वहीत आजच्या तारखेने लिहून ठेवते.

---

दक्षिणवारा

मी एक सत्र ब्यूनोस आयरेसला होतो. तिकडे जाणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगतो. 'तू'साठी तिकडे 'तू' नाहीच, 'बोस' आहे, आणि क्रियापदही बदलतं: 'तू तिएनेस' चं 'बोस तेनेस'. 'काये' म्हणजे रस्ता, त्याला तिकडे 'काशे' म्हणतात. तो जीभ-दातांतला थ अख्ख्या लॅटिन अमेरिकेत नाही, सरळ स. आणि अनेकवचनी 'तुम्ही'ला सगळीकडे 'उस्तेदेस', स्पेनचं 'बोसोत्रोस' तिकडे कुणी वापरत नाही.

एक शब्द मात्र कटाक्षाने टाळा. स्पेनमध्ये बस पकडायची तर 'कोखेर' म्हणतात. अर्जेंटिना आणि मेक्सिकोत त्याला अश्लील अर्थ आहे. तिकडे 'तोमार' म्हणा. मी पहिल्याच आठवड्यात बसथांब्यावर एका वयस्क गृहस्थांना विचारताना तो शब्द वापरला. त्यांनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली आणून समजावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

शैक्षणिक वर्ष तिकडे मार्च ते डिसेंबर असतं. इथल्या वेळापत्रकाशी जुळवताना मला एक सत्र मागे राहावं लागलं, हे आधीच लक्षात घ्या.

---

कातरवेळ

लेख आवडला, पण एक शंका आहे आणि ती मनापासून विचारतेय. आताची बरीच मुलं इंग्रजी माध्यमातली. माझा मुलगा विचारच इंग्रजीत करतो. त्याला 'मराठीतून विचार कर' सांगणं म्हणजे दोन भाषा शिकायला लावणं नाही का?

---

दगडफूल

कातरवेळ, मीसुद्धा बालवाडीपासून इंग्रजी माध्यमातली. म्हणूनच तर चार महिने इंग्रजीतून जात राहिले, दुसरा रस्ता आहे हेच माहीत नव्हतं.

पण बघा, 'उशीर झाला', 'हातून पडला', 'विसरायला झालं', 'कंटाळा आला' हे मला शाळेने शिकवलं नाही. आजीकडून आलं, भाजी निवडताना, अंथरुणं घालताना. निबंध लिहायची मराठी माझ्याकडे नव्हती, घरात बोलायची होती, आणि स्पॅनिशला तीच कामी आली. जानेवारीत मी आजीला रोज फोन करायला लागले. आधी पाच मिनिटं बोलायचे, ती पाऊण तास झाली. ती बोलायची आणि मी वहीत तिची वाक्यं उतरवून घ्यायची. एकदा ती म्हणाली, 'पाय निघत नाही तुझा तिथून.' याला स्पॅनिशमध्ये काय म्हणायचं ते सेन्योरांना विचारायला मी खरंच स्वयंपाकघरात गेले. दोघींनी अर्धा तास डोकं खाजवलं आणि शेवटी तसं वाक्य सापडलंच नाही.

तुमच्या मुलाशी घरी मराठी बोलत असाल तर त्याच्याकडेही हे सगळं आहे.

---

कातरवेळ

घरी मराठीच बोलतो आम्ही. आज रात्रीच त्याला हे वाचून दाखवते.

---

वाटसरू

भाच्याने धागा वाचला. घरमालकाला पाद्रोनबद्दल आजच ईमेल केली. सेन्योरांशी अजून बोलणं होतं का?

---

दगडफूल

दर रविवारी, दादा. तिकडची दुपारची जेवणं आटोपल्यावर. निघायच्या दिवशी त्या तीन मजले उतरून बसस्थानकापर्यंत आल्या होत्या. हातात एक पुडी दिली, आर्मुन्याचे मसूर, अर्धा किलो. बस हलली तेव्हा काचेपलीकडून काहीतरी म्हणाल्या, ते ऐकू आलं नाही. परवा फोनवर विचारलं, तर म्हणाल्या, 'ओखाला बुएल्बास'.

भाषावेडी ताई, तुमची भर वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशीच हा फोन झाला. वहीत डावीकडच्या रकान्यात लिहिलं: तू परत यावंस.